ढगांचा जमाखर्च

हवामानाची गणिती प्रतिरूपे रचणाऱ्यांना ढगांइतके क्वचितच दुसऱ्या कशाने छळले असेल. ढग सूर्यप्रकाश परतवितो आणि भूपृष्ठावरून निघणारे अवरक्त प्रारणही अडवून धरतो. खालचे दाट स्तरमेघ मुख्यतः थंडावा देतात. उंचावरील विरळ तंतुमेघ पांघरुणासारखी ऊब राखतात.

यांत सरशी कोणाची? १९८४ मध्ये सोडलेल्या उपग्रहाच्या मापनांवरून वीरभद्रन रामनाथन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये हिशेब मांडला. एप्रिल १९८५ मध्ये ढगांनी दर चौरस मीटरला सुमारे ४४ वॅट परतविले आणि ३१ वॅट अडविले; निव्वळ थंडावा सुमारे १३ वॅटांचा. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास पडणारी भर जेमतेम ४ वॅटांची. तेव्हा ढगांच्या हिशेबातील लहानशी चूकही महागात पडते.

त्याच वर्षी रॉबर्ट सेस आदींनी १४ प्रतिरूपे ताडून पाहिली. निरभ्र आकाशापुरती ती जुळली; ढग जमेस धरताच उत्तरांत तिपटीची तफावत पडली. नवल नाही! प्रतिरूपाची एक चौकट शेकडो किलोमीटरांची, ढग मात्र दोन-चार किलोमीटरांचा. चौकटीचा किती भाग ढगांनी व्यापला, त्यांतील थेंब केवढे, हे अनुमानानेच ठरवावे लागे. ही अनुमाने पारखण्यासाठी अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यात १९९२ मध्ये निरीक्षणे सुरू झाली. तेथे रडार, लेसर-उपकरणे व प्रारणमापके डोक्यावरून जाणाऱ्या ढगांची नोंद अहोरात्र घेत असतात.