ध्वनिमुद्रणाचे रूपांतर आणि बोलीचा अभ्यास

(द्वितीय वर्ष, कला)

बोलीचा अभ्यास म्हणजे केवळ शब्दांच्या याद्या नव्हेत. उच्चार हा बोलीचा प्राण होय आणि तो कागदावर पुरता उतरत नाही; म्हणून ध्वनिमुद्रण हवे. परंतु आवाज साठवण्याचे साचे अनेक आहेत. एका साच्यातून दुसऱ्यात रूपांतर करताना काय टिकते व काय हरवते, हे कला शाखेच्या विद्यार्थ्यानेही जाणले पाहिजे, असे मला वाटते.

प्रथम मूळ कल्पना पाहू. संगणक आवाजाच्या लाटेची उंची सेकंदाला हजारो वेळा मोजतो आणि ते आकडे ओळीने लिहून ठेवतो. सेकंदाला १६००० मोजमापे घेतली, तर त्याच्या निम्म्या, म्हणजे ८००० हर्ट्झपर्यंतच्या कंपनांची नोंद होऊ शकते. आकड्यांच्या आधी एक मथळा असतो. मोजमापे किती व कशी लिहिली आहेत, हे तो सांगतो.

उदाहरणार्थ, अमेरिकन इंग्रजीचा 'टिमिट' हा संग्रह १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ६३० वक्त्यांची प्रत्येकी १० वाक्ये आहेत. फायलींच्या नावाअखेर 'वेव्ह' असले तरी आतला साचा 'स्फीअर' आहे. त्याचा मथळा १०२४ बाइटांचा. नेहमीच्या 'वेव्ह' फायलीचा बहुधा ४४ बाइटांचा. 'सॉक्स' ही मोफत आज्ञावली हा मथळा बदलून देते. आकडे तेच राहतात. एका कणगीतले धान्य दुसऱ्या कणगीत ओतावे, तसा हा प्रकार. दाणाही कमी होत नाही.

'एएमआर' या साच्याची गोष्ट निराळी. १९९९ मध्ये तो मोबाइलवरील संभाषणासाठी स्वीकारला गेला. त्यात सेकंदाला ८००० मोजमापे असतात आणि दर २० मिलिसेकंदांच्या आवाजाचे संक्षिप्त वर्णन तेवढे साठवले जाते. १६००० मोजमापांच्या एका मिनिटाच्या 'वेव्ह'ला सुमारे १९ लाख बाइट लागतात. 'एएमआर'ला जास्तीत जास्त ९६ हजार. येथे धान्याचे पीठ झालेले असते. पुढे त्याची 'वेव्ह' केली, तर कणगी मोठी होते, पण पिठाचे पुन्हा दाणे होत नाहीत.

याचा मराठीशी थेट संबंध आहे. 'चार' मधला च आणि 'चारा' मधला च वेगळे. दुसऱ्यातले घर्षण 'स'सारखे असते आणि 'स'ची बरीचशी शक्ती ४००० हर्ट्झच्या वर असते. नेमका तोच भाग 'एएमआर'मध्ये उरत नाही.

आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. माझ्या आजोबांनी मोटेविषयी सांगितलेले, नाडा, सोंदूर, थारोळे, चाक हे शब्द त्यांच्या तोंडून आलेले मुद्रण जुन्या फोनवर 'एएमआर'मध्येच आहे. आजोबा आता नाहीत. त्या मुद्रणातून शब्द, वाक्यरचना, बोलण्याचा हेल हे सारे अभ्यासता येते. पण त्यांच्या 'चाक' मधला च मोजून त्यावर निष्कर्ष काढणे मला धाडसाचे वाटते.

तेव्हा बोलीचे नमुने गोळा करणाऱ्या मित्रमैत्रिणींनी तीन गोष्टी पाळाव्यात. मुद्रण आरंभीच 'वेव्ह'मध्ये, सेकंदाला निदान ४४१०० मोजमापांनी करावे. रूपांतर नेहमी प्रतीवर करावे. मूळ फाईल पुसू नये. वक्त्याचे गाव, वय, मुद्रणाची तारीख व मूळ साचा वहीत लिहावा. साचे पुढेही बदलत राहतील, रूपांतरे करावीच लागतील. मूळ मुद्रण शाबूत असेल, तरच त्यांना अर्थ राहील.