प्रवासांत पाहिलेलीं तीन गांवें व आमच्या विहिरीचा हिशेब

मोटारीनें गांवोगांव हिंडण्याची हौस अलीकडे सर्वत्र वाढली आहे, व तींत शेतकरी कुटुंबेंही मागें नाहींत. परंतु आपण शेतकरी प्रवासास निघालों म्हणजे देवस्थानें पाहतों, घाट व धबधबे पाहतों, आणि दुसऱ्याचें शिवार मात्र खिडकींतून पाहून सोडून देतों. गेल्या दिवाळींत आम्हीं सहकुटुंब जो तीन दिवसांचा प्रवास केला, त्यांत हा क्रम उलटा ठेवला होता. त्यापासून जें शिकावयास मिळालें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

आमचें गांव बारामती तालुक्याच्या जिराईत भागांत आहे. जमीन अकरा एकर. जुनी विहीर माघ सरतां सरतां तळ दाखविते. पहिल्या बोअरनें दोन वर्षें पाणी दिलें व तो आटला. दुसऱ्यांतून नुसता फुफाटा निघाला. असें असतां आमच्या धाकट्या बंधूंनीं सहाशें फुटांच्या तिसऱ्या बोअरसाठीं आगाऊ रक्कम देऊन ठेविली होती. दोन एकर ऊस लावावा व दोन हंगामांत सोसायटीचें कर्ज फेडावें, असा त्यांचा बेत. तीर्थरूप आबांचा त्यास सक्त विरोध. आणि घरांत या गोष्टीवरून जेवतांना देखील कोणी धड बोलत नसे. प्रवास ठरला तो मुलांच्या हट्टामुळें, पण मार्ग ठरविला आबांनीं. जनावरांच्या धारांसाठीं भावजय घरीं राहिल्या, व त्याबद्दल परतल्यावर आम्हां सर्वांस बरेंच ऐकून घ्यावें लागलें.

मोरगांवास मयूरेश्वराचें दर्शन घेऊन आम्ही पुरंदर तालुक्यांतील नायगांवीं गेलों. १९७२ च्या दुष्काळांत पुण्याचे एक इंजिनियर व कारखानदार विलासराव साळुंखे या भागांत आले. खडी फोडून दुष्काळ हटत नाहीं, हें त्यांच्या ध्यानांत आलें, व त्यांनीं नायगांवांत देवस्थानची सुमारें चाळीस एकर उजाड जमीन खंडानें घेऊन तीवर बांधबंदिस्ती केली. उतारावर ताली, खालीं पाझर तलाव, व त्याच्या खालीं विहीर, अशी ती रचना. येथपर्यंतचें काम कोणीही जाणता शेतकरी करील. त्यांचें खरें वैशिष्ट्य पाणी पंचायतीच्या नियमांत आहे. पाणी जमिनीच्या प्रमाणांत न देतां माणसांच्या प्रमाणांत द्यावयाचें: माणशीं अर्धा एकर, व एका कुटुंबास अडीच एकरांहून अधिक नाहीं. भूमिहीनासही पाण्याचा हक्क. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क जमिनीबरोबर जावयाचा नाहीं. योजनेच्या खर्चाचा पांचवा हिस्सा सभासदांनीं स्वतः भरावयाचा. आणि ऊस लावावयाचा नाहीं. साळुंखे २००२ सालीं निवर्तले.

हा शेवटचा नियम ऐकून आमचे बंधू मोटारींत येऊन बसले ते शिरूर येईपर्यंत एक शब्द बोलले नाहींत.

पारनेर तालुक्यांतील राळेगणसिद्धीविषयीं इतकें लिहिलें गेलें आहे कीं आम्ही विस्तार करीत नाहीं. अण्णा हजारे १९७५ सालीं लष्करांतून गांवीं परतले; यादवबाबांच्या मंदिराचा जीर्णोद्धार झाला; गांवांतील दारूच्या भट्ट्या बंद झाल्या. शेतकऱ्यानें मुद्दाम लक्षांत घ्यावी अशी गोष्ट म्हणजे तेथील पाझर तलाव. तलाव होता, पण गळत होता. गांवकऱ्यांनीं श्रमदानानें तो दुरुस्त केला आणि खालच्या विहिरींस पाणी आलें. हजारे यांनींही साळुंखे यांचें पुरंदरमधील काम जाऊन पाहिलें होतें. म्हणजे आम्ही ज्या वाटेनें चाललों होतों त्या वाटेनें ही विद्या पूर्वीच एकदां गेली होती. नवीन तलाव मागण्यास आपण शंभर अर्ज करतों. आपल्या शिवारांतील गळका बांध मात्र वर्षानुवर्षें तसाच राहतो.

तिसऱ्या दिवशीं हिवरेबाजार. हें गांव अहिल्यानगर (२०२४ पूर्वीचें अहमदनगर) जिल्ह्याच्या नगर तालुक्यांत आहे. पाऊस आमच्याकडच्यापेक्षां अधिक मुळींच नाहीं. चारशें मिलिमीटर झाला तर चांगलें वर्ष म्हणावयाचें. १९७२ नंतर येथील माणसें पोटासाठीं बाहेर जात. १९८९ सालीं पोपटराव पवार हे एम. कॉम. झालेले तरुण सरपंच झाले, आणि गांवानें चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी, कुटुंबनियोजन व श्रमदान हे पांच नियम धरले. पवार यांस २०२० सालीं पद्मश्री जाहीर झाली.

डोंगरावरचे सलग समपातळी चर मुलांनीं धांवत जाऊन पाहिले. आबा मात्र खालीं गवतापाशीं थांबले. १९७२ सालीं त्यांनीं स्वतः दुष्काळी कामावर खडी फोडली होती, व त्या वर्षीं आमच्या घरची बैलजोडी चाऱ्यावांचून गेली. येथें गुरें डोंगरावर सोडीत नाहींत. गवत विळ्यानें कापून आणतात. त्यामुळें मुळें शाबूत राहतात, माती जाग्यावर राहते व पाणी मुरतें. आबा गवत हातांत घेऊन बराच वेळ उभे होते.

परंतु या गांवाचा खरा धडा डोंगरावर नसून ग्रामसभेंत आहे. दर वर्षीं पावसाळा संपल्यावर पडलेला पाऊस व विहिरींतील पाणी मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात. आधीं माणसांचें व जनावरांचें पिण्याचें पाणी वेगळें काढतात. उरलेल्यांत कोणतीं पिकें बसतात तें मग ठरवितात. शेतीसाठीं बोअर घेण्यास बंदी आहे. ऊस व केळी यांसही बंदी आहे.

“दादा, यांना ऊस नको असेल, आपल्याला कर्ज फेडायचं आहे,” बंधू म्हणाले. त्यांचें म्हणणें टाकाऊ नव्हतें. म्हणून रात्रीं मुक्कामीं आम्हीं मुलीच्या वहींत हिशेब मांडला. तो वाचकांनीं आपल्या आंकड्यांनीं पुन्हा करून पाहावा.

एक मिलिमीटर पाऊस एका एकरावर पडला म्हणजे सुमारें चार हजार लिटर पाणी. चारशें मिलिमीटर पावसाचें एकरीं सोळा लाख लिटर झालें. आपल्या काळ्या पाषाणांत त्यांतील साधारण दहावा हिस्सा भूगर्भांत मुरतो. म्हणजे एकरीं एक लाख साठ हजार लिटर. आतां उसास वर्षभरांत सुमारें दोन हजार मिलिमीटर, म्हणजे एकरीं ऐंशी लाख लिटर पाणी लागतें. पावसाचे सोळा लाख सर्वच्या सर्व उसास पोंचले असें धरलें, तरी चौसष्ट लाख लिटर जमिनीखालून काढावे लागणार. चौसष्टास एक दशांश सहानें भागिलें: चाळीस. एक एकर ऊस चाळीस एकरांचा पाझर पितो.

बंधूंनीं ठिबकची गोष्ट काढली, व ती रास्तच होती. ठिबकनें चाळीस टक्के पाणी वांचलें असें धरून पुन्हा मांडणी केली. तरीही एका एकरास वीस एकरांचा पाझर लागतो, व दोन एकरांस चाळीस एकरांचा. दिलेल्या पाण्यापैकीं कांहीं परत मुरतें हें खरें. पण आमची जमीन अकरा एकर आहे. उरलेलें पाणी कोणाच्या विहिरींतून येणार, हें आम्हीं मोठ्यानें विचारलें नाहीं. आमच्या वरच्या अंगास चुलत्यांची विहीर आहे, हें सर्वांसच ठाऊक होतें. खोल बोअर नवें पाणी निर्माण करीत नाहीं. तो खडकाच्या भेगांतून वरच्या थराचें पाणी खालीं ओढतो, किंवा अनेक वर्षांचें सांठलेलें उपसतो. आणि दोन्ही संपलें म्हणजे कर्ज तेवढें उरतें.

ज्यांस असा ताळेबंद आपल्या वस्तीपुरता करावयाचा आहे त्यांनीं दोन गोष्टी आजच सुरू कराव्या. पर्जन्यमापक झाड व भिंत यांपासून दूर, मोकळ्या जागीं बसवावा व रोज सकाळीं ठराविक वेळीं वाचावा. विहिरीच्या कांठावर एक पक्की खूण करून दर अमावास्येस तेथून पाण्यापर्यंत दोरी सोडावी व अंतर लिहून ठेवावें. उपसा चालू असतांना मोजूं नये. पंप बंद करून रात्र जाऊं द्यावी. एकट्याच्या विहिरीची नोंद अपुरी पडते. शेजारच्या चार विहिरींची मिळाली तर पाणी कोणीकडे वाहतें तें कळूं लागतें.

आमच्या पुरतें सांगावयाचें तर बोअरवाल्याकडून निम्मी आगाऊ रक्कम परत मिळाली. उसाच्या जागीं एक एकर कांदा व बाकी ज्वारी-हरभरा केला आहे. कर्जाचा हप्ता यंदा दुधावर भागवावा लागेल, व तो पुरता भागेल असें आम्हांस वाटत नाहीं. बंधूंचें मनही अद्याप पुरतें वळलेलें नाहीं. पर्जन्यमापक गोठ्यामागच्या मोकळ्या पडींत बसविला असून त्याची वही मुलीकडे आहे. अमावास्येची दोरी सोडण्यास या खेपेस बंधू स्वतः गेले, आणि परत येतांना चुलत्यांच्या विहिरीवरूनही आंकडा घेऊन आले.