सेमिनोल : दलदलीने राखलेले लोक
(द्वितीय वर्ष कला)

अमेरिकेच्या इतिहासाची जी क्रमिक पुस्तके आपण परीक्षेसाठी वाचतो, त्यांत तेथील मूळच्या लोकांना फार थोडी जागा असते. एखाद्या राष्ट्राध्यक्षाच्या कारकीर्दीत त्यांच्यावर एक परिच्छेद येतो आणि पुढच्या पानावर रेल्वे सुरू होते. अशाच एका परिच्छेदात मला ‘सेमिनोल’ हे नाव प्रथम भेटले. फ्लोरिडातील सेमिनोल लोकांना पश्चिमेकडे हलविण्यात आले, एवढेच तेथे लिहिले होते. पुढे दुसऱ्या एका पुस्तकात वाचले की हे लोक आजही फ्लोरिडात राहतात. या दोन वाक्यांचा मेळ कसा बसतो, हे शोधताना जे हाती लागले ते येथे मांडीत आहे.

प्रथम नावाविषयी. रानात पळून गेलेल्या गुरांना आणि मालकाकडून पळालेल्या गुलामांना स्पॅनिश लोक ‘सिमारोन’ म्हणत. मस्कोगी भाषेत ‘र’ हा उच्चार नाही. त्यामुळे त्या शब्दाचे ‘सिमालोनी’, मग ‘सिमानोली’ झाले आणि इंग्रजांनी त्याचे सेमिनोल केले. म्हणजे रानटी, पळपुटे अशा अर्थाचा शब्द एका समाजाचे नाव होऊन बसला! पण त्यांनी तो टाकला नाही. कोणाच्या ताब्यात नसलेला, असाही त्याचा अर्थ होतोच की.

हे लोक मूळचे फ्लोरिडाचे नव्हेत. तेथील टिमुकुआ, अपालाची इत्यादी जुन्या जमाती युरोपीय रोगांनी आणि गुलाम पकडणाऱ्यांच्या धाडींनी जवळजवळ नष्ट झाल्या. त्या ओस पडलेल्या मुलखात अठराव्या शतकात जॉर्जिया व अलाबामाकडून क्रीक लोकांचे जथे उतरले. त्यांतला एक प्रमुख अहाया. त्याच्याजवळ गुरांचे एवढे मोठे कळप होते की इंग्रज त्याला ‘काउकीपर’, म्हणजे गुरे राखणारा, असेच म्हणत. १७७४ मध्ये विल्यम बार्ट्रम हा वनस्पतिशास्त्रज्ञ त्याच्या गावी गेला, तेव्हा अहायाने त्याला ‘फुले शोधणारा’ असे नाव देऊन हवे तेथे हिंडण्याची मोकळीक दिली. दोन समाजांची अशीही भेट होऊ शकते, हे पुढचे वाचताना लक्षात ठेवावेसे वाटते.

या वस्त्यांजवळच दुसऱ्या वस्त्या उभ्या राहिल्या, त्या मळ्यांतून पळालेल्या काळ्या गुलामांच्या. हे काळे सेमिनोल आपापली शेते करीत, पिकाचा काही भाग सेमिनोल प्रमुखाला देत आणि वेळ आली म्हणजे त्याच्या बाजूने लढत. जॉर्जियातील मळेवाल्यांचे डोळे लाल झाले ते यामुळे. सेमिनोल युद्धे केवळ जमिनीसाठी झाली असे समजणे चूक आहे. खुद्द जनरल जेसप याने युद्ध चालू असता कळविले होते की हे युद्ध इंडियनांचे नसून निग्रोंचे आहे.

युद्धे तीन झाली. पहिले १८१७-१८ चे. त्यात अँड्र्यू जॅक्सन स्पेनच्या मुलखात घुसला आणि पुढे १८२१ मध्ये फ्लोरिडा अमेरिकेकडे आले. हाच जॅक्सन राष्ट्राध्यक्ष झाल्यावर १८३० मध्ये इंडियनांना मिसिसिपी नदीपलीकडे पाठविण्याचा कायदा झाला. सेमिनोल लोकांनी जाण्याचे नाकारले. २८ डिसेंबर १८३५ रोजी मेजर डेड याच्या शंभरावर सैनिकांच्या तुकडीवर छापा पडला आणि त्यांतले एकदोघे-तिघेच जिवंत परतले. त्याच दिवशी ओसिओला या तरुण पुढाऱ्याने सरकारी एजंटाला ठार केले. या एजंटाने त्याच्या पायात काही महिन्यांपूर्वीच बेड्या घातल्या होत्या.

ओसिओला वंशपरंपरेने प्रमुख नव्हता. त्याच्या पूर्वजांत गोरे होते आणि लहानपणी त्याला बिली पॉवेल म्हणत. पण आई क्रीक, म्हणून मुलगा क्रीक. यात कोणालाही शंका वाटली नाही. ऑक्टोबर १८३७ मध्ये तो पांढरे निशाण घेऊन बोलणीसाठी आला असता जेसपच्या हुकमाने पकडला गेला. ३० जानेवारी १८३८ रोजी दक्षिण कॅरोलिनातील किल्ल्यात, कैदेतच तो वारला. पांढऱ्या निशाणाचा हा विश्वासघात त्या काळच्या अमेरिकन लोकांनाही आवडला नाही. वर्तमानपत्रांतून जेसपवर टीका झाली.

दुसरे युद्ध १८४२ पर्यंत, सात वर्षे, चालले. सरकारचे सुमारे दीड हजार सैनिक मेले, बरेचसे तापाने आणि हगवणीने. तीन हजारांहून अधिक सेमिनोल आजच्या ओक्लाहोमाकडे नेले गेले. तेथेही गुलाम पकडणाऱ्यांचे भय संपले नाही, म्हणून जॉन हॉर्स याच्या पुढारपणाखाली काही काळे सेमिनोल मेक्सिकोत निघून गेले. १८५५ ते १८५८ च्या तिसऱ्या युद्धानंतर बिली बोलेग्ज हा प्रमुखही आपल्या माणसांसह पश्चिमेकडे गेला. मागे राहिले ते दोनतीनशे जण. त्यांनी शरणागतीचा तह केला नाही. अबियाका नावाचा वृद्ध वैदू त्यांच्यात होता आणि तो अखेरपर्यंत हलला नाही. १८८०-८१ साली क्ले मॅककॉली याने मोजणी केली तेव्हा माणसे भरली अवघी २०८.

ही माणसे तगली ती एव्हरग्लेड्समुळे. दक्षिण फ्लोरिडातील हा प्रदेश म्हणजे मैलोगणती पसरलेले उथळ, संथ वाहणारे पाणी आणि त्यात करवतीसारख्या पात्यांचे उंच गवत. मधूनमधून बेटासारखे झाडीचे उंचवटे. फौजेला तेथे घोडा चालेना की तोफ. सेमिनोल मात्र सायप्रसचा एकच ओंडका कोरून होडी करीत, मागच्या टोकाला उभे राहून लांब काठीने ती रेटीत आणि उंचवट्यावर मका, भोपळे, रताळी लावीत.

उत्तरेत असताना ते लाकडाच्या भक्कम घरांत राहत. युद्धात पळापळ सुरू झाली आणि घर बदलले. नवे घर म्हणजे ‘चिकी’ : सायप्रसचे खांब, वर पामच्या पानांनी शाकारलेले छप्पर, भिंत एकही नाही. जमिनीपासून दोनतीन फूट उंच फळ्यांची माची. तिच्यावरच बसणे, झोपणे, शिवणटिपण. खालून पाणी गेले किंवा साप गेला तरी चालते. घाईत सोडून जाता येते आणि दुसरीकडे उभे करता येते. गरिबीचे घर म्हणून त्याकडे पाहणाऱ्यांना त्यातली ही अक्कल दिसत नाही. स्वयंपाकाची चिकी वेगळी. तेथे चुलीऐवजी लांब ओंडके चाकाच्या आऱ्यांसारखे मांडून मध्यभागी विस्तव करीत आणि जळेल तसतसा ओंडका पुढे सारीत. त्यावर दिवसभर ‘सोफ्की’ ठेवलेली असे. ती म्हणजे मक्याची पातळ पेज. घरात जेवणाची ठराविक वेळ नसे. ज्याला भूक लागेल त्याने घ्यावी. ‘कूंटी’ नावाच्या कंदाचेही पीठ करीत. तो कंद विषारी असतो, म्हणून कुटून, पाण्यात पुन्हा पुन्हा धुऊन, खाली बसलेला साका वाळवावा लागे.

चिकींचा असा एक तळ म्हणजे एका स्त्रीचे, तिच्या मुलींचे व बहिणींचे घर. लग्नानंतर पुरुष बायकोच्या तळावर राहायला जाई. मूल आईच्या कुळाचे : पँथर, अस्वल, हरीण, वारा, पक्षी, पाणमांजर, साप ही त्यांची कुळे. एकाच कुळात लग्न निषिद्ध. मुलाला शिस्त लावण्याचे काम बापाचे नसून मामाचे. आणि कुळातली शेवटची स्त्री गेली की पुरुष कितीही असोत, कूळ बुडाले. वंशाला दिवा मुलगाच हवा असे ऐकत वाढलेल्या मला हे वाक्य दोनदा वाचावे लागले.

वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या तोंडाशी, कोवळ्या कणसांचा सण येई. त्याआधी नवा मका खायचा नाही. पुरुष उपास करीत, काढा पिऊन वांती करून पोट शुद्ध करीत, नवा विस्तव पेटवीत. वैदू पवित्र औषधांची पोतडी उघडी. वयात आलेल्या मुलांना नवी नावे मिळत आणि वर्षाचे तंटे-गुन्हे तेथेच निकालात निघत. हा सण आजही होतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व्यापार वाढला. मगरीची व पाणमांजराची कातडी, बगळ्यांची पिसे देऊन कापड, बंदुका, मणी आणि हाताने फिरवायची शिवणयंत्रे येऊ लागली. त्या यंत्रावर बायकांनी एक नवीनच कला काढली. रंगीत पट्ट्या जोडायच्या, त्या आडव्या कापायच्या, तुकडे सरकवून पुन्हा जोडायचे. त्यातून पाऊस, वीज, विस्तव अशा नावांच्या नक्षी उठतात. ज्याला आज सेमिनोलांचा ‘पारंपरिक’ पोशाख म्हणतात तो पहिल्या महायुद्धाच्या सुमाराचा आहे. परंपरा म्हणजे जुनेच असले पाहिजे, असे मानणाऱ्यांनी याचा विचार करावा.

पुढे १९०६ पासून दलदल उपसण्यासाठी कालवे खणले गेले, पाणी उतरले, होडीच्या वाटा सुकल्या. पिसांच्या व्यापारावर बंदी आली. १९२८ मध्ये एव्हरग्लेड्समधून मोटारीचा रस्ता झाला आणि ज्यांना फौज शोधू शकली नव्हती त्यांचे तळ पाहायला प्रवासी तिकीट काढून येऊ लागले.

या काळातली बेटी मे टायगर जंपर हिची हकीगत मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ती १९२३ साली जन्मली. आई सर्पकुळाची, बाप फ्रेंच. युद्धांनंतर गोऱ्यांशी संबंध ठेवणे एवढे निषिद्ध झाले होते की अशा मिश्र मुलांना मारून टाकावे असे काही वैदूंचे म्हणणे होते आणि तिच्या कुटुंबाला गाव सोडावे लागले. ओसिओलाला आईच्या कुळाने सामावून घेतले, आणि शंभर वर्षांच्या आत हे घडले. भीतीने समाज किती आवळतो ते येथे दिसते. पुढे तिने दुसऱ्या मुलींच्या हातात चित्रकथेचे पुस्तक पाहिले आणि आपल्याला वाचायला यायलाच हवे असे ठरविले. फ्लोरिडातील गोऱ्यांच्या शाळेत तिला जागा नव्हती, काळ्यांच्या शाळेतही नव्हती. घरच्या थोरांना तर शाळाच नको होती. शेवटी ती उत्तर कॅरोलिनातील चेरोकी लोकांच्या निवासी शाळेत गेली. १९४५ मध्ये तिने शालेय शिक्षण पुरे केले. फ्लोरिडाच्या सेमिनोलांत तेथवर पोचलेल्या पहिल्या काही जणांत ती होती. मग परिचारिका होऊन परतली. १९५७ मध्ये जमातीची रीतसर संघटना झाली आणि १९६७ मध्ये बेटी मे तिची पहिली स्त्री अध्यक्ष म्हणून निवडून आली. शाळा शिकून ती परकी झाली नाही. जमातीच्या जुन्या गोष्टी लिहून ठेवल्या त्या तिनेच. २०११ मध्ये ती वारली.

१९७९ मध्ये जमातीने हॉलिवूड येथील राखीव जमिनीवर मोठे बिंगोगृह काढले आणि खटला लढून ते टिकविले. २००७ मध्ये तर जगभर पसरलेला हार्ड रॉक हा उद्योगच विकत घेतला. जुगाराच्या पैशावर नाके मुरडणारे पुष्कळ आहेत. मला वाटते, पाणी, पिसे आणि कातडी यांतले काहीच हाती न उरलेल्या लोकांनी काय करावे, हेही त्यांनी सांगायला हवे होते. शिवाय गुरेही परत आली आहेत. १९३६ मध्ये ॲरिझोनाच्या दुष्काळातून आणलेल्या जनावरांपासून कळप वाढविले गेले आणि आज ही जमात फ्लोरिडातील मोठ्या पशुपालकांत गणली जाते.

मॅककॉलीच्या २०८ माणसांची संख्या आता चार हजारांवर गेली आहे. बहुतेकांची घरे भिंतींची आहेत. पण फ्लोरिडाच्या बांधकामविषयक नियमांत एक अपवाद नोंदलेला आहे : मिकोसुकी किंवा सेमिनोल जमातीच्या माणसाने बांधलेल्या, लाकडी खांबांच्या, पानांनी शाकारलेल्या उघड्या चिकीला ते नियम लागू नाहीत.