स्कूटर तेल का ओकते?

तुमच्या घरी किंवा शेजारी एखादी जुनी टू-स्ट्रोक स्कूटर अजून चालती असेल, तर ती रात्री उभी राहते तिथली फरशी सकाळी पाहा. सायलेन्सरच्या तोंडाखाली काळा, चिकट डाग दिसतो का? कर्जतला आमच्या अंगणात असाच डाग पडू लागला होता. वडिलांची स्कूटर बरीच वर्षे झाकून ठेवलेली होती. ती पुन्हा सुरू केली आणि गल्लीभर निळा धूर पसरला. शेजारी म्हणाले, "सर, पेट्रोलमध्ये तेल टाकणंच बंद करा ना!" सल्ला सरळ वाटतो, नाही का? पण तो ऐकला असता तर इंजिन कायमचे गेले असते.

चार-स्ट्रोक इंजिनात वंगणतेलाचा साठा तळाशी वेगळा असतो. टू-स्ट्रोकमध्ये तशी सोय नाही. तेथे पिस्टनखालची बंद पेटी, म्हणजे क्रँककेस, पंपाचे काम करते. पिस्टन वर गेला की पेटीत हवा-पेट्रोलचे मिश्रण ओढले जाते, खाली आला की ते दाबले जाऊन सिलिंडरमध्ये शिरते. जोसेफ डे या इंग्रज अभियंत्याने 1890 च्या सुमारास बसवलेली ही युक्ती. पुण्याजवळ आकुर्डीला 1972 पासून तयार होऊ लागलेल्या चेतक स्कूटरमध्येही अनेक वर्षे हीच होती. (त्याच नावाची 2020 साली आलेली स्कूटर विजेवर चालते, तिला ना पिस्टन, ना धूर.) पेटीतून सतत वारा खेळत असताना तेथे तेल साठवणार कसे? म्हणून ते पेट्रोलमध्येच मिसळायचे. अशा स्कूटरना साधारण दोन टक्के, म्हणजे लिटरला 20 मिलिलिटर.

हे तेल बंद केले तर काय होईल, याचे गणित करू. पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा, सिलिंडर ओतीव लोखंडाचा. व्यास 57 मिलिमीटर धरा. दोघेही 150 अंश सेल्सिअसने तापले, तर पिस्टनचा व्यास सुमारे 0.20 मिलिमीटरने वाढेल, सिलिंडरचा मात्र 0.09 मिलिमीटरनेच. म्हणजे मधली फट 0.1 मिलिमीटरने कमी झाली! मुळात ती फट केवढीशी असते! तेलाचा पापुद्रा नसेल तर धातूवर धातू घासतो, आणखी तापतो, आणखी फुगतो आणि भर रस्त्यात इंजिन जाम होते. मागचे चाक एकदम अडकते, ते वेगळेच संकट.

मग जादा तेल येते कोठून? पंपावर हात सैल सोडून तेल ओतले जाते, चोक ओढलेला राहतो, ही नेहमीची कारणे. मी मापाने तेल घालत होतो, चोकही तपासला. मेकॅनिक म्हणाला, पिस्टनच्या रिंगा बदला. खर्च करण्याआधी मी मोजपात्र आणले.

स्कूटरमध्ये तेल दोन ठिकाणी असते: एक पेट्रोलमध्ये, दुसरे गिअरबॉक्समध्ये. गिअरबॉक्स रिकामा करून त्यात नवे 250 मिलिलिटर तेल घातले, घराभोवती एक चक्कर मारली आणि लगेच ते काढले. 240 निघाले. म्हणजे 10 मिलिलिटर आतल्या दातांना चिकटून राहते. तेवढेच 240 परत घातले आणि 300 किलोमीटर फिरलो. या वेळी निघाले 150! बाहेर कोठे ओल नाही, थेंब नाही. 90 मिलिलिटर तेल गेले कोठे?

त्या 300 किलोमीटरना साडेसात लिटर पेट्रोल लागले, त्यात 150 मिलिलिटर तेल. त्यात हे 90 मिळवा. इंजिनाला दोनऐवजी 3.2 टक्के तेल मिळत होते.

क्रँकचा दांडा जेथे पेटीतून गिअरबॉक्सच्या बाजूला जातो, तेथे रबरी ओठाचे एक सील असते. वर्षानुवर्षे पडून राहिल्याने ते रबर कडक झाले होते. पिस्टन वर जाताना पेटीतला दाब हवेच्या दाबाहून कमी होतो आणि सीलच्या फटीतून गिअरचे तेल आत खेचले जाते. उलट पिस्टन खाली येताना पेट्रोलची वाफ त्याच फटीतून गिअरबॉक्समध्ये घुसते. काढलेल्या तेलाला पेट्रोलचा वास येत होता, हा दुसरा पुरावा. दुसऱ्या बाजूचे, चुंबकचक्राकडचे सील गेले असते तर तेल नव्हे, नुसती हवा आत आली असती आणि इंजिन उगाच भरधाव सुटले असते.

सील बदलले. खर्च रिंगांपेक्षा पुष्कळ कमी. तरीही धूर थांबेना! मेकॅनिक माझ्याकडे पाहून हसला. पण विचार करा. तेलाचा उत्कलनबिंदू पेट्रोलपेक्षा खूप वर असतो, त्यामुळे न जळलेली तेलाची वाफ थंड सायलेन्सरमध्ये निवून तेथेच साचते, जशी थंड तांब्यावर दव. घर ते कॉलेज एवढ्या फेरीत सायलेन्सर पुरता तापतच नाही. लांब पल्ला मारला की ते जुने तेल पुन्हा उकळते, बाहेर पडून गार होते आणि त्याचे अतिसूक्ष्म थेंब बनतात. हे थेंब निळा प्रकाश अधिक विखुरतात, म्हणून धूर निळा. त्याच धुरातून मावळता सूर्य पाहिलात तर तो तांबूस दिसेल.

म्हणून राशीनमार्गे सिद्धटेकला जाऊन आलो. जाताना धुराचे लोट, येताना बरेच कमी. एक सूचना: सायलेन्सर जाळून साफ करण्याचा खटाटोप घरी करू नका आणि बंद खोलीत इंजिन कधीही चालू ठेवू नका, त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो.

तपासणीसाठी सायलेन्सरमागे हातभर अंतरावर पांढरा कागद अर्धा मिनिट धरावा आणि डाग मोजावेत. सिद्धटेकच्या तिसऱ्या फेरीनंतर माझ्या कागदावर दोनच ठिपके होते. आणखी 300 किलोमीटरनंतर गिअरबॉक्स पुन्हा रिकामा केला, तेव्हा 239 मिलिलिटर तेल निघाले.