दुरून चालणारे काम आणि सहकाऱ्यांशी संपर्क

पूर्वी बहुतेक धंद्यांचे काम एकाच छपराखाली चाले. उस्तादाशेजारी शागीर्द बसे, मुनीम गल्ल्याजवळ असे आणि दुपारच्या चहाला एकमेकांची सुखदुःखे कळत. आज हिशेबनीस घरी बसून जमाखर्च ठेवतो, नक्षी काढणारा परगावाहून नमुना पाठवतो, भरतकाम व शिलाई कारागिरांच्या घरी होते आणि मालक मोबाईलवरून सूचना देतो. मार्च २०२० च्या टाळेबंदीनंतर ही पद्धत बरीच पसरली. त्यामुळे भाडे वाचते, येण्याजाण्याचा वेळ वाचतो, हे खरे. पण यात तुटते काय, याचाही हिशेब मांडला पाहिजे.

चीनमधील सीट्रिप या प्रवासाचे आरक्षण करणाऱ्या कंपनीने २०१० च्या अखेरीस नऊ महिन्यांचा एक प्रयोग केला. घरून काम करू इच्छिणाऱ्या २४९ कर्मचाऱ्यांपैकी काहींना आठवड्यातून चार दिवस घरून काम दिले, बाकीच्यांना कचेरीतच ठेवले. घरून काम करणाऱ्यांचे काम १३ टक्क्यांनी वाढले आणि नोकरी सोडण्याचे प्रमाण निम्म्यावर आले. मात्र पुढे जागा निवडण्याची मोकळीक मिळताच निम्म्याहून अधिक लोकांनी आपली निवड बदलली. घरून काम करणाऱ्यांची मोठी तक्रार एकटेपणाची होती. शिवाय तेवढेच चांगले काम करूनही त्यांना बढती कमी मिळाली. जो डोळ्यांसमोर नाही, तो मालकाच्या मनातूनही उतरतो.

अमेरिकेत मायक्रोसॉफ्टच्या ६१,१८२ कर्मचाऱ्यांच्या २०२० मधील पहिल्या सहा महिन्यांच्या कामाचा अभ्यास झाला. आपल्या गटाबाहेरच्या सहकाऱ्यांबरोबर कामात जाणारा वेळ सुमारे २५ टक्क्यांनी घटला होता. आपल्या धंद्यात याचा अर्थ काय? कापड आटते, हे शिवणाऱ्याला आधी कळते. पण कापड खरेदी करणाऱ्याशी त्याची गाठच पडत नसेल, तर ते मालकाला गिऱ्हाईक माल परत आणते तेव्हाच कळते. नुकसान होते ते इथे.

म्हणून व्यापारी व कारागीर बांधवांनी पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

१. बोलण्याची वेळ ठरवा. सकाळी दहा मिनिटे सर्वांनी फोनवर एकत्र यावे. आधी खुशाली विचारावी, मग काम. दिवसभर मधूनमधून फोन करणे म्हणजे संपर्क नव्हे. त्याने हातातले काम मात्र मोडते.

२. लेखी काय आणि तोंडी काय, हे ओळखा. माप, नग, दर व मुदत लेखीच द्यावी. चूक दाखवायची किंवा नाराजी सांगायची असेल तर त्या माणसाशी एकट्याशी बोलावे. सर्वांच्या देखत पाठवलेला कडक संदेश वर्षांचे संबंध बिघडवतो.

३. कारागिरांना एकमेकांशी बोलू द्या. मजुरीची तुलना होईल या भीतीने काही मालक त्यांची ओळखच होऊ देत नाहीत. मजुरी रास्त असेल तर भीती कशाची? ओळख नसेल तर एकाचे कसब दुसऱ्याकडे जाणार कसे?

४. घरी काम करणाऱ्या स्त्रियांना निरोप थेट द्या. मध्यस्थामार्फत गेलेला निरोप अर्धा पोहोचतो आणि त्यांची अडचण तर मालकापर्यंत येतच नाही.

५. भेटीचा दिवस नेमा व त्या दिवसाचा खर्च द्या. नगावर मजुरी घेणारा कारागीर भेटीला आला की त्याची त्या दिवसाची कमाई बुडते. ती मजुरी व गाडीभाडे मालकाने द्यावे. नाहीतर भेट ही सक्ती वाटेल.

६. दूर असलेल्याच्या कामाची वहीत नोंद ठेवा. दरवाढ देताना किंवा मोठे काम सोपवताना समोर दिसणाऱ्यालाच नव्हे, वहीतल्या नोंदीला मान द्यावा.

पाचव्या मुद्द्याला पुढच्या अनुभवाचा आधार आहे. सीट्रिपनेच २०२१-२२ मध्ये १,६१२ कर्मचाऱ्यांवर दुसरा प्रयोग केला. यात निम्म्या लोकांना आठवड्यातून दोनच दिवस घरून काम होते, बाकीचे दिवस सर्वजण कचेरीत एकत्र असत. कामाचा दर्जा घटला नाही आणि नोकरी सोडण्याचे प्रमाण एक-तृतीयांशाने कमी झाले. दूर राहणे आणि भेटणे यांचा मेळ घातला, की दोन्हींचा लाभ मिळतो.

सुताचा धागा ताण दिला की तुटतो आणि अगदी सैल सोडला की गुंततो. माणसांचा संबंधही तसाच आहे. दुरून काम आपोआप चालेल. ओळख मात्र चालू ठेवावी लागते.

विचारासाठी प्रश्न

१. तुमच्याकडे घरून काम करणारे किती जण आहेत, आणि त्यांपैकी कितींशी गेल्या महिन्यात कामाव्यतिरिक्त बोलणे झाले?
२. मालातला दोष सर्वांत आधी कोणाला दिसतो? तो सांगायची त्याला सोय आहे काय?
३. भेटीच्या दिवसाचा खर्च आणि परत आलेल्या मालाचे नुकसान, यांत मोठे कोणते?