गिफ्ट कार्ड व क्रेडिट कार्ड : संरक्षण कोठे संपते ?



एका शाळेच्या तपासणीस गेलो असता तेथील मुख्याध्यापकांनी मला बाजूस घेऊन एक हकिगत सांगितली. वरिष्ठ अधिकाऱ्यांचे नाव व छायाचित्र असलेल्या अनोळखी व्हॉट्सॲप क्रमांकावरून त्यांस संदेश आला : "मी सभेत आहे, बोलता येणार नाही. पाहुण्यांसाठी २,००० रुपयांची ५ गिफ्ट कार्डे घेऊन क्रमांक त्वरित कळवावेत." गुरुजींनी आपल्या क्रेडिट कार्डावर ती घेतली आणि क्रमांक कळविले. बँकेने पुढे हात वर केले. गुरुजींचा प्रश्न असा : "क्रेडिट कार्डास संरक्षण असते म्हणतात, मग मलाच का नाही ?"

प्रश्न रास्त आहे. क्रेडिट कार्डाच्या व्यवहारात दुकानदारास प्रथम बँक पैसे देते. आपण बिल मागाहून भरतो. वाण्याच्या उधारीच्या वहीत न घेतलेल्या मालाची नोंद दिसल्यास आपण पैसे देण्यापूर्वीच हरकत घेतो, तसेच हे होय. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकान्वये असे ठरविले की, दोष बँकेचा नाही व ग्राहकाचाही नाही अशा अनधिकृत व्यवहाराची सूचना ३ कामकाजाच्या दिवसांत दिल्यास ग्राहकावर काहीच भार पडू नये, आणि ग्राहकाची चूक सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर असावी. मात्र ओटीपी आपणच सांगितला असेल, तर सूचना देईपर्यंतचे नुकसान आपले.

गिफ्ट कार्डाचे तसे नाही. ते बहुतांशी रोख नोटेसारखे. क्रमांक व पिन ज्याच्या हाती, तो त्याचा धनी. एखाद्या दुकानाने केवळ स्वतःच्या मालासाठी काढलेले कार्ड तर रिझर्व्ह बँकेच्या परवानगीच्या कक्षेतही येत नाही. तेथे दुकानाच्या अटी हाच कायदा.

आता गुरुजींचे उत्तर. त्यांचे क्रेडिट कार्ड कोणी चोरून वापरले नव्हते. खरेदी त्यांनीच केली, आणि मागविलेली वस्तू, म्हणजे ते क्रमांक, त्यांस बिनचूक मिळालेही. बँकेच्या दृष्टीने व्यवहार तेथेच पुरा झाला. ठकास गिफ्ट कार्डच का हवे असते, हे यावरून ध्यानात येईल. (साहेबांच्या नावाचा आपणां सर्वांस वाटणारा धाकही त्यास ठाऊक असतो, हे मी अधिकारी असूनच लिहितो.)

असे घडल्यास तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे, व कार्ड काढणाऱ्या दुकानास न वापरलेली रक्कम गोठविण्यास सांगावे. गुरुजींची चार कार्डे संपली होती. पाचवे वाचले, कारण त्याचा एक आकडा त्यांनी घाईत चुकीचा लिहिला होता.

इयत्ता सातवीस हा पाठ दोन चिठ्ठ्यांवर घ्यावा. एकीवर केवळ क्रमांक लिहावा. दुसरीवर मुलाचे नाव लिहून त्याची नोंद वहीत करावी. दोन्ही 'हरवू' द्याव्यात, आणि कोणती परत मागता येते ते मुलांनाच ठरवू द्यावे.