पदवी मॉलिक्युलरची, जाहिरात डीएमएलटीची

मॉलिक्युलर बायॉलॉजीत एम.एस्सी. झाले आणि कोविडच्या काळात एका आरटी-पीसीआर लॅबमध्ये कंत्राटावर लागले. तेव्हा आमच्यासारख्यांना भलताच भाव होता. लाट ओसरली, नमुने आटले आणि कंत्राटही संपलं. मग सरकारी भरतीच्या जाहिराती चाळू लागले, तर तिथे अट बी.एस्सी. आणि डीएमएलटीची, म्हणजे वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानातल्या पदविकेची. एम.एस्सी. असूनही अर्ज छाननीतच बाद. खासगी रुग्णालयात मुलाखतीला गेले, तिथे पहिलाच प्रश्न आला, ‘रक्त काढता येतं का? स्मिअर बघता येतो का?’ कॉलेजात दोन्ही कुणी शिकवलं नव्हतं.

पुढे डीएमएलटी केलं, तेव्हा या कामाची खरी ओळख झाली. एका पेशंटचं पोटॅशियम अतोनात वाढलेलं आणि कॅल्शियम अगदी तळाला. मशिन ठीक, कंट्रोलही बरोबर. आमच्या सीनियर मॅडमनी आकडे पाहताच रिपोर्ट थांबवला. सीबीसीच्या जांभळ्या झाकणाच्या नळीतलं रक्त कुणीतरी साध्या नळीत ओतलं होतं. त्या नळीतल्या ईडीटीएमध्ये पोटॅशियम असतं आणि ईडीटीए कॅल्शियम बांधून ठेवतं. नवा नमुना घेतला, दोन्ही आकडे नॉर्मल. ही नजर वॉर्डाशी जोडलेल्या लॅबमध्येच येते.

म्हणून बारावीनंतर या वाटेला येणाऱ्यांनी फी भरण्याआधी काही गोष्टी तपासाव्यात. परीक्षा कोण घेतं? नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ, दुसरं मान्यताप्राप्त विद्यापीठ, की नुसतीच भारदस्त नावाची संस्था? त्या प्रमाणपत्रावर राज्याच्या पॅरामेडिकल कौन्सिलमध्ये नोंदणी होते का? तोंडी ‘हो’वर विसंबू नका, नोंदणी झालेला माजी विद्यार्थी गाठा. इंटर्नशिप कुठल्या रुग्णालयात, हेही विचारा. कॉलेजच्या माहितीपत्रकातल्या चकचकीत मशिनला भुलू नका. ते चालू आहे का आणि त्यावर रोज नमुने लागतात का, ते जाऊन बघा.

‘कोर्स करा, स्वतःची लॅब टाका’ असं सांगणारेही भेटतील. पण पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरच्या सहीशिवाय रिपोर्ट देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच स्पष्ट केलं आहे.

मॉलिक्युलरला भवितव्य नाही, असं मात्र मुळीच नाही. थुंकीत क्षयाचे जंतू आहेत का आणि ते रिफॅम्पिसिन या औषधाला दाद देतात का, हे सीबीनॅट नावाचं मॉलिक्युलर यंत्र साधारण दोन तासांत सांगतं. गोव्याच्या कंपनीचं ट्रूनॅट तर बॅटरीवर चालतं, त्यामुळे छोट्या आरोग्य केंद्रातही पोचलं. व्हायरल लोड, कॅन्सरमधल्या जनुकीय तपासण्या, हे कामही आहेच. संशोधनाची ओढ असेल तर एम.एस्सी. आणि नेटची वाट धरा. रुग्णालयात काम करायचं असेल तर आधी बीएमएलटी किंवा बी.एस्सी.वर डीएमएलटी, मग मॉलिक्युलर. आणि ठरवण्याआधी ज्या पदावर डोळा आहे त्याच्या गेल्या दोन-तीन भरत्यांच्या जाहिराती काढून पात्रतेचा रकाना वाचा.